बिनमिठाचा पाव

चैत्र लागला की आमच्या इमारतीला युरोपचे डोहाळे लागतात. शाळांच्या परीक्षा संपतात, लिफ्टमध्ये चाकांच्या बॅगा आडव्या येऊ लागतात आणि तळणाचा वास सहाव्या मजल्यापासून अकराव्यापर्यंत चढतो. ही माणसं पंधरा दिवसांत सात देश बघणार, आणि बरोबर काय नेणार, तर चकल्या आणि मेतकूट. जिन्यात भेटले की एकमेकांना विचारतात, "तुमच्यात व्हेनिस आहे का?" व्हेनिस म्हणजे थाळीतली एक वाटी असावी, तशा थाटात. परत आले की महिनाभर मोबाइल आपल्या नाकाशी धरतात. पिसाच्या कलत्या मनोऱ्याला हाताने टेकू देणारा नवरा, टेकू देणारी बायको, टेकू देणारा जावई. तो मनोरा इतकी शतकं उभा राहिला, आता ह्या लोकांच्या टेकूंनीच पडेल असं मला वाटतं.

मी ऐंशी ओलांडली आहे, तेव्हा माझ्या कुजकट बोलण्याला कोणी आडवं येत नाही. "आजोबा गमतीचे आहेत," एवढं म्हणून लोक बॅगा ओढत पुढे जातात. खरं सांगायचं तर मला ह्या माणसांचा राग येत नाही, किळस येते. किळस कसली येते तेही मला नीट ठाऊक आहे. एके काळी मीही इटली बघून आलोय. तेव्हा ही इमारत नव्हती, ह्याच जागेवर आमची चाळ होती, आणि चाळीतून आगबोटीत बसून विलायतेला गेलेला मी पहिलाच.

यंदा ही किळस जरा जास्तच वर आली, आणि त्याला कारण मयेकर. मयेकर म्हणजे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. चाळीत जन्मलेला, पण चाळ आठवण्याइतका मोठा नसलेला. गेल्या आठवड्यात तो कागद-पेन घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "आजोबा, खाली लॉबीत संगमरवरी पाटी लावायचीय. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळेला आपल्या चाळीतून सीमेवर सत्याग्रहाला जी तुकडी गेली ना, त्यांची नावं. जुन्या लोकांत तुम्ही एकटेच उरलात. एक मेला उद्‌घाटन, आणि तीन तारखेला आम्ही युरोपला. त्याच्या आत उरकून टाकू."

उरकून टाकू, हा त्याचा शब्द. ती अकरा माणसं बेळगावच्या बाजूला जाऊन लाठ्या खाऊन तुरुंगात बसली, आणि हा युरोपच्या आधी ती उरकणार. पण त्याला हसण्याचा अधिकार मला नव्हता. त्या अकरांतली दहा नावं मी झोपेतही सांगेन. गोष्ट आहे ती चौथ्या नावाची. चौथं नाव मुळात माझं होतं. मयेकरला हे माहीत नाही, आणि ज्यांना माहीत होतं त्यांतलं आता कोणीच जिवंत नाही. मी कागद ठेवून घेतला आणि म्हटलं, दोन दिवसांनी देतो.

मी तेव्हा परळच्या एका गिरणीत डिझाइन खात्यात होतो. चौकटीच्या कागदावर साड्यांचे काठ काढायचे, फुलं काढायची, हे माझं काम. राहायला लालबागच्या चाळीत, आणि जेवायला दिगूच्या आईकडे. दिगू हा माझा जिवाभावाचा मित्र, त्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. त्याचे वडील लवकर गेले, तेव्हापासून त्याच्या आईने दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ चालवली. कोकणातून एकटे आलेले आम्ही बारा-पंधरा जण तिच्याकडे दोन पंक्तींत जेवायचो. तिला सगळेच काकी म्हणत. काकीच्या हातचं कालवण जेवलेला माणूस दुसरीकडे टिकत नसे, आणि मीठ कमी पडलं असं तिच्या पंक्तीत कोणी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

त्या वर्षी चळवळ ऐन भरात होती. संध्याकाळी चाळीच्या चौकात सभा, सकाळी भिंतींवर ताज्या चुन्याची अक्षरं, पोरंटोरंसुद्धा घोषणा देत शाळेत जायची. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे आणि सीमेवरचा मराठी मुलूखही, ह्यावर लालबागमध्ये दोन मतं नव्हती. अश्रुधुराच्या दिवसांत काकी गॅलरीतून ओली फडकी आणि चिरलेले कांदे खाली टाकायची. तिला राजकारण कळत नव्हतं, पण धुराने कोणाचे डोळे जातायत ते कळत होतं. मग चाळीच्या मंडळाच्या खोलीत सीमेवर जाणाऱ्या तुकडीची यादी लागली. मी पेन काढलं आणि चौथं नाव घातलं. वळणदार अक्षर माझं, त्यामुळे वरची तीन नावंही मीच परत नीट लिहून दिली. त्या दिवशी काकीने मला न मागता माशाची दुसरी तुकडी वाढली.

आणि पाचव्या दिवशी गिरणीतून बोलावणं आलं. मिलानला छपाईची नवी यंत्रं बघायची होती, वर्देसाहेबांबरोबर डिझाइन खात्यातला एक माणूस पाठवायचा होता. तुकडी निघायच्या आधी चार दिवस आगबोट सुटणार होती.

मी किती वेळ विचार केला असेन? लोकांना वाटेल, रात्रभर तळमळलो असेन. छे. साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडायच्या आत माझं ठरलं होतं. फक्त तोंड कसं लपवायचं हे ठरत नव्हतं. दिगूला सांगितलं तेव्हा तो साच्यावरचा कापसाचा पिंज अंगावरून झटकत होता. म्हणाला, "जा रे तू. इटली काय रोज येते? तुझ्या जागेवर मी जातो."

"तू? काकीला एकटं टाकून?"

"दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न. आईला मी सांगतो." मग हसला. "तिथनं एक बरासा फोटो आण. यादीत तुझं नाव मी खोडू की तू खोडतोस?"

मीच खोडलं. एक सरळ रेघ, पट्टी न धरता. रेघा मारण्यात माझा हात बसलेला होता. त्याच रेघेखाली दिगूने आपलं नाव लिहिलं, वेडंवाकडं.

वर्देसाहेब कापडाच्या विक्री खात्यात दुय्यम मॅनेजर. दादरला राहायचे, हिंदू कॉलनीच्या बाजूला. आता ते हयात नाहीत, त्यामुळे खरं बोलायला हरकत नाही. असा पोकळ माणूस मी पुन्हा पाहिला नाही. बोटीवर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला सुरी-काटा कसा धरायचा ते शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं मटण ताटाबाहेर उडवलं. एडन येईस्तोवर त्यांना मराठी बोलायचा कंटाळा आला. पोर्ट सैदच्या पुढे ते नाकाने कांदे सोलत डेकवर फिरू लागले, आणि भेटेल त्या गोऱ्याला सांगू लागले, की मुंबईत सध्या जरा गडबड आहे, खालच्या वस्तीतले लोक आहेत, चालायचंच. मी शेजारी उभा असायचो. मी त्याच खालच्या वस्तीतला. मी समुद्राकडे बघायचो.

ह्या माणसाला मी यादीची हकिगत का सांगितली हे मला आजही कळत नाही. बोटीवर दुसरं कोणी ओळखीचं नव्हतं, कोणाशी तरी बोलावंसं वाटलं, एवढंच. ऐकून साहेब खूश झाले. पाठ थोपटून म्हणाले, "शहाणा आहेस. तिथे राहिला असतास तर डोकं फोडून घेतलं असतंस. मुंबई कुणाची म्हणून विचारतात! मुंबई काम करील त्याची." त्यांनी शहाणा म्हटलं आणि मला बरं वाटलं. त्यांचा एवढा तिटकारा असूनही मला बरं वाटलं, हे मी विसरलेलो नाही.

मिलानला दीड-दोन महिने राहून यंत्रं बघून झाली. परतीच्या बोटीला चार दिवस होते, तेव्हा साहेबांनी फ्लॉरेन्स काढलं. त्यांच्याकडे एक लाल कव्हरचं गाईड-पुस्तक होतं आणि एक लाल पेन्सिल. फ्लॉरेन्समध्ये बघण्यासारखं जे जे आहे त्याची त्या पुस्तकात यादी होती. साहेब दरवाज्यातून आत शिरत, मान वर करून एक गिरकी घेत, म्हणत, "पाहिलं!" आणि लाल पेन्सिलीने त्या नावावर रेघ मारत. चित्रांच्या मोठ्या दालनातून ते इतक्या वेगाने गेले, की पहारेकऱ्याला वाटलं, ह्यांना मोरी हवी आहे, आणि त्याने अदबीने रस्ता दाखवला. चित्र कोणाचं, कोणत्या सालातलं, हे ते पुस्तकात बघून मला सांगत. चित्राकडे बघत नसत. मी बघू लागलो की म्हणत, "चल रे, किती बघशील? बाई आहे, मांडीवर मूल आहे, झालं." गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण इथे गाढव गुळाचा भाव तोंडपाठ म्हणून दाखवत होतं.

माझ्यातही शहाणपण उतू जात नव्हतं. पहिल्याच देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवर मी सवयीने बूट काढून बाजूला ठेवले आणि टोपी डोक्यावर तशीच ठेवून आत निघालो. दारातला म्हातारा सेवेकरी हातवारे करत धावून आला. त्याचं म्हणणं, बूट घाल आणि टोपी काढ. आमच्याकडे देवासमोर पाय उघडे आणि डोकं झाकलेलं, त्यांच्याकडे बरोबर उलट. साहेब शरमेने लाल झाले. "गावंढळपणा सोड. इथे लालबाग आणू नकोस." मी बूट चढवले, टोपी हातात घेतली आणि आत गेलो. आतली फरशी पाहिल्यावर मात्र माझे पाय थबकले. पांढऱ्या, हिरव्या, काळ्या दगडांच्या पट्ट्या एकमेकींत अशा बसवल्या होत्या, की कुठून सुरू झाल्या कळत नव्हतं. असा काठ मला जन्मात सुचला नसता. मी गुडघ्यांवर बसून कागदावर उतरवून घेऊ लागलो. त्या चार दिवसांत मी मनापासून काही पाहिलं असेल तर ती फरशी. तेवढ्यात "पाहिलं!" ऐकू आलं आणि मी उठलो. पुढे गिरणीने तो काठ साड्यांवर छापला, मला बढती मिळाली, आणि दादर-गिरगावातल्या बायका परक्या देवाची फरशी नेसून हळदीकुंकवाला जाऊ लागल्या.

उतरलो होतो ते एका विधवा बाईच्या घरात. तिच्याकडे सहा पाहुणे, एकच लांब टेबल, आणि ती स्वतः वाढायची. वाढताना तिची नजर ताटांवरून फिरायची तशी मी फक्त एकीचीच फिरलेली पाहिली होती. पहिल्या दिवशी तिने पावाची जाड तुकडी माझ्यापुढे ठेवली. मी चावली आणि वाटलं, म्हातारी मीठ विसरली. दुसऱ्या दिवशीही विसरली. तिसऱ्या दिवशी कळलं, की त्या गावात पावात मीठ घालतच नाहीत, पूर्वीपासूनची रीत आहे. साहेब म्हणाले, "हीच खरी चव. आपली जीभ मिठाने मेलेली." आणि त्यांनी हळूच खिशातून मिठाची पुडी काढून पावावर भुरभुरली. ती पुडी त्यांच्या बायकोने मुंबईहून बांधून दिली होती. मी मात्र तो पाव तसाच खाल्ला. प्रत्येक घासाला मला काकीची पंक्ती आठवायची, आणि एक हिशोब मनात यायचा: आज तुकडी निघून इतके दिवस झाले, म्हणजे तुरुंगात इतके, आता सुटायला इतके उरले. घास हातातच राहायचा आणि बाई हाताने विचारायची, आवडलं नाही का? मी मान डोलवून आवडलं म्हणायचो. चारही दिवस मी खोटीच मान डोलवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मोठ्या चौकातून जात होतो. गल्लीतून गलका ऐकू आला. आधी मला वाटलं, माझे कान वाजतायत. मग लाल निशाणं दिसली. कुठल्यातरी कारखान्यातले कामगार होते, निळ्या डगल्यांतले, हातात हात घातलेले. काय मागत होते ते मला कळलं नाही. कळायची गरजही नव्हती. ओरडून ओरडून बसलेला गळा कोणत्याही भाषेत तसाच असतो. साहेबांनी माझं मनगट धरलं. "चल, चल, आत चल. इथेही सुरू झालं ह्यांचं." आणि एका कॉफीच्या दुकानात शिरून खांबाआड उभे राहिले. मी दारातच थांबलो. समोरच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून एका म्हातारीने दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली. तिच्यात पाव होते. मोर्च्यातल्या लोकांनी ते उचलले आणि एकाने वर बघून टोपी हलवली. आमच्याकडेही गॅलरीतून अशाच टोपल्या सुटतात, भाजीवाल्यासाठी.

माझे पाय पुढे झाले होते, एवढं मला आठवतं. अर्धं पाऊल. मग मी साहेबांचा कॅमेरा मागून घेतला आणि फोटो काढला. दिगूने फोटो मागितला होता ना! ज्याने आपला मोर्चा सोडला त्याने दुसऱ्यांच्या मोर्च्याचा फोटो काढला, तोही कॉफीच्या दुकानाच्या दारातून. तो फोटो साहेबांच्याच रिळात राहिला. मी कधी मागितला नाही.

शेवटच्या दिवशी तिथल्या मोठ्या चर्चचा घुमट. शेकडो पायऱ्या, अरुंद, गोल गोल, भिंतीला खांदा घासत चढायच्या. साहेबांना दम लागला तरी पेन्सिल सुटली नाही. वर पोचल्यावर सगळं गाव खाली पसरलेलं. लाल कौलं, पिवळी नदी, पलीकडे हिरव्या टेकड्या. कौलं पाहून मला काकीचं सिंधुदुर्गातलं घर आठवलं, मी तिथे एकदाच गेलो होतो. मला तुच्छतेने काहीतरी बोलावंसं वाटलं. म्हणालो, "साहेब, चार दिवसांत तुम्ही नक्की काय पाहिलंत?"

साहेब कठड्याला टेकून धापा टाकत होते. त्यांनी रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत. घाम पुसत मराठीत म्हणाले, चार दिवसांत पहिल्यांदाच नीट मराठीत, "मला हसतोस तू, कळतं मला. मी भित्रा आहे, पोकळ आहे, मान्य. पण मी कधी कुठल्या यादीत नाव घातलं नाही रे. तू घातलंस आणि खोडलंस. आपल्या दोघांत फरक असेल तर तो एवढाच."

मग त्यांनी पुस्तक उघडलं, घुमटावर लाल रेघ मारली आणि म्हणाले, "पाहिलं. चल, उतरू या."

उतरताना त्यांनी मला बूट घ्यायला लावले. फ्लॉरेन्सचं चामडं प्रसिद्ध आहे असं पुस्तकात होतं. तपकिरी, मऊ, शिवण दिसू नये असे बूट. मीही घेतले. माझ्या हातांत काहीतरी असायला हवं होतं.

बोट बॅलार्ड पिअरला लागली तेव्हा चैत्र संपत आला होता. साहेबांना न्यायला गाडी आली होती, मी टॅक्सी केली. चाळीसमोर उतरलो तर काय, दारात ही गर्दी. लेझीम, हलगी, गुलाल. दोन्ही बाजूंना बायका, आणि मध्ये काकी. तिच्या हातात ताट, ताटात निरांजन, भाकरीचा तुकडा आणि शेजारी पाण्याचा तांब्या. लांबून आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवायचं, त्याच्या पायांवर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून दूर टाकायचा आणि मग आत घ्यायचं, ही आमची रीत. विलायतेहून आलेला चाळीतला पहिला माणूस मीच. मला वाटलं, पत्राने बोटीची तारीख कळवली होती, ती ह्यांनी लक्षात ठेवली. तीन महिने मी ज्याला घाबरत होतो ते झालंच नव्हतं, ह्या लोकांनी मला पदरात घेतलं होतं.

मी बॅग खाली ठेवली. पायांवर पाणी पडणार म्हणून वाकून ते बूट काढले, जोडीने बाजूला ठेवले. औक्षणाला डोकं झाकलेलं हवं, म्हणून टोपी नीट बसवली. आणि काकीसमोर मोज्यांत, हात जोडून, मान थोडी खाली घालून उभा राहिलो.

हलगी थांबली. कोणी हसलं नाही. हसले असते तर फार बरं झालं असतं.

काकीने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दारात कोणी वाट अडवून उभं राहिलं की माणूस बघतो, तेवढंच. म्हणाली, "तू इलंस? बरा झाला. वायच बाजूक रव. दिगू येता हा."

त्या दिवशी तुकडी सुटून येणार होती. मी बाजूला झालो. बॅग उचलली, बूट राहिले. मागून जयजयकार आला आणि ते अकरा जण वळणावर दिसले. दिगू चौथा होता. हाडं वर आलेली, दाढी वाढलेली, एक हात फडक्याने गळ्यात बांधलेला. तो उंबऱ्यापुढे उभा राहिला, माझ्या बुटांपासून दोन हातांवर. काकीने त्याच्या पायांवर पाणी घातलं, डोळ्यांना पाणी लावलं, भाकरतुकडा तीनदा ओवाळला आणि न बघता बाजूला भिरकावला. त्याची दृष्ट, त्याची इडापिडा, तीन महिन्यांत त्याच्यावर जे जे आलं असेल ते सगळं त्या तुकड्यात. तो तुकडा माझ्या डाव्या बुटात जाऊन पडला.

ओवाळून टाकलेल्या तुकड्याला कोणी हात लावत नाही. मला लावावा लागला, बूट माझा होता.

दिगूने मला तेवढ्यात पाहिलं. गर्दीतून हात हलवून ओरडला, "अरे, कधी आलास? कशी आहे इटली?"

माझ्या तोंडून शब्द निघाला, "पाहिली."

तो हसला. त्याच्या मनात काही नव्हतं, आणि त्याचाच मला जन्मभर राग आला. त्या दुपारी काकीने मला हाक मारली, "जेवक चल, हात धुव." मी पंक्तीत बसलो. कालवणाचा पहिला घास घेतला आणि मिठाने डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्याला वाटलं, तिखट लागलं. पुढे लग्न होईपर्यंत तीन वर्षं मी तिच्याकडे जेवलो. तिने एका शब्दाने काही विचारलं नाही. फक्त माशाची दुसरी तुकडी तिने मला पुन्हा कधी न मागता वाढली नाही. महाराष्ट्र झाला त्या दिवशी चाळीत घरोघर पेढे वाटले. मलाही दिला. मी खाल्ला.

ते बूट मी घातले नाहीत, पण टाकलेही नाहीत. चाळ पाडली तेव्हा सामानात निघाले, चामडं तडकलेलं. दिगू गिरण्या बंद पडल्यावर गावी गेला आणि तिथेच वारला. काकी त्याआधीच गेली होती.

मयेकर काल आला. मी कागद दिला. अकरा नावं, चौथं दिगंबर. माझं अक्षर अजून वळणदार आहे. त्याने खालपर्यंत वाचलं आणि भुवया उंचावल्या.

"आजोबा, तुमचं नाव राहिलं की!"

"राहिलं नाही."

"असं कसं? तुम्ही तर तेव्हाचे. आणि सगळ्यांत जुने. अकराचे बारा करू ना. दगडात जागा आहे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आता कोण विचारायला येणार आहे?"

खरंच होतं. कोणी येणार नव्हतं. उद्या मेलो असतो तर खाली लॉबीत, पूर्वी जिथे उंबरा होता बरोबर तिथे, माझं नाव दगडात राहिलं असतं. दोन दिवस मी तो कागद समोर ठेवून बसलो होतो. आणि दोन दिवसांत एकदाही मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. एकदा मी बारावं नाव लिहिलंही होतं. मग पुन्हा एक सरळ रेघ मारली आणि कागद नव्याने उतरवून काढला.

म्हटलं, "मी तेव्हा इथे नव्हतो. हे चौथं नाव आहे ना, ते माझ्या जागी गेलं. मी इटलीत होतो. फ्लॉरेन्स बघत होतो."

पन्नासहून अधिक वर्षांत हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोललो. मला वाटलं, हा आता मान खाली घालेल, निदान गप्प होईल.

मयेकरचे डोळे लकाकले. "काय सांगता! त्या काळात फ्लॉरेन्स? आजोबा, तुम्ही ग्रेट आहात! आमच्या टूरमध्ये फक्त अर्धा दिवस आहे हो. सांगा ना, काय काय बघू?" आणि त्याने त्याच कागदाची मागची बाजू पुढे केली, यादी करायला.

मी पेन घेतलं नाही.

"पाव खा," म्हटलं. "त्यात मीठ नसतं."